ओढ्यातला गाडोंग

नांगा एन्सुराई
३ मार्च १९८७

सेंदी,

तुझी लेक इथे रुळली. इतकी, की आता मला हुकूम सोडते. तुझ्या बेकरीमागच्या त्या एका खिडकीच्या खोलीतून जेलियाला आणलं त्याला दोन महिने होतील. पहिल्या आठवड्यात पायाला जळू लागली तर अशी किंचाळली की आपल्या लांबघरातल्या सगळ्या कुटुंबांच्या दारांतून माणसं ओसरीवर धावली. म्हातारा मुखिया तर भाला घेऊन आला. आता जळू दिसली की स्वतःच मीठ लावते आणि तिला म्हणते, "जा, सिबूला जा, तिथे पाव मिळतो."

शाळा दुपारी सुटते. मग जेलिया, शेजारच्या खोलीतली उंगाम, तिचा भाऊ बुंसू आणि मी असे चौघं टोपल्या घेऊन ओढ्याच्या वरच्या अंगाला जातो. मिदिनच्या नेच्याचे गुंडाळलेले कोवळे शेंडे, रानआल्याचे कोंब, कधी अळंबी. जेलियाचं मावशीमागे सारखं चालू. "इबू, हे खातात? मग हे? आणि हे?" मी म्हटलं, "बाई गं, काय खात नाहीत ते आधी शीक. ती यादी लहान आहे." आता तिघांना एक नियम घालून दिलाय. आधी वास घ्यायचा, मग मोडून बघायचं, मग मला विचारायचं. आणि मी जेलियालाच पुढे चालवते. मी शेवटी. पोर धीट होते त्याने.

सोबत पानाच्या पुडीत धुरावर वाळवलेली अळंबी आहेत. जेलियाने स्वतः शोधली. तुझ्या त्या गोल गोल पावांबरोबर खाऊ नकोस, भाताबरोबर खा.

तुझी आका,
सुबांग

सिबू
२० मार्च १९८७

आका,

तुझं पत्र वाचताना माझी मान अवघडली. ओळी वरून निघतात आणि उतारावरून घसरत घसरत पानाच्या कोपऱ्यात जाऊन पडतात. सण यायला अजून दोन महिने आहेत, तुआकची बरणी आत्ताच उघडलीस की काय? मिशनच्या शाळेत तुझ्या अक्षराला बक्षीस मिळालं होतं आणि मला छडी, हे विसरले नाही मी. आता कुठे तुझी जिरली!

चेष्टा राहू दे. एक गोष्ट मला आवडली नाही. रानात पुढे मोठ्या माणसाने चालायचं आणि पोरांनी मध्ये, हे तूच मला शिकवलंस. साप पुढच्याच्या पायाखाली येतो. जेलिया नऊ वर्षांची आहे, आका. तिला धीट करायचं असेल तर दुसरं काहीतरी शोध. आणि शाळेचा अभ्यास करते ना? मी पहाटेपासून पीठ मळते ते तिने टोपली पाठीवर घेऊन हिंडावं म्हणून नाही. तिचा बाप लाकडाच्या कॅम्पवरून चार महिन्यांत एकदा येतो आणि पहिलं हेच विचारतो, "वाचते का?" काय सांगू त्याला?

अळंबी मिळाली. खाल्ली. छान होती.

खरं सांगू, परवा कणीक मळता मळता एकदम गाडोंगची आठवण आली. तांदूळ संपायचा आणि इंदाई रानातून तो कडू कंद खणून आणायची, दिवसचे दिवस ओढ्यात धुवायची, मग वाफवून वर खोबरं घालायची. तेव्हा आपण दोघी नाक मुरडायचो. आता मेलं सगळं जग देऊन तेवढी एक वाटी मिळेल का असं वाटतं. गावाईच्या सणाला मालकाने सोडलं तर येईन. एकच रात्र. पण येईन.

सेंदी

नांगा एन्सुराई
१८ एप्रिल १९८७

सेंदी,

या वेळी मान वाकडी करावी लागणार नाही. बघ, ओळी कशा ताठ उभ्या आहेत. बक्षीस मिळालं होतं ते उगाच नाही.

तुझं गाडोंगचं वाचलं आणि मला हसू आलं. शहरात जाऊन मांस-मासे खाणारी बाई उपासमारीच्या कंदासाठी झुरते. बरं, सणाला गाडोंग करते. पोरांना घेऊन खणायला जाईन. त्यांना कालच दाखवला. तीन पानं एका देठाला आणि वेलाला काटे, की समजायचं. बुंसू लगेच चाटायला निघाला, त्याच्या हातावर फटका दिला. सांगितलं, "हा माणूस मारतो. सोलून, पातळ काप करून, मीठ चोळून, टोपलीत घालून वाहत्या पाण्यात ठेवायचा. रोज तुडवायचा. पाच दिवस तरी. त्याच्याआधी ज्याने तोंडात घातला त्याची मान कोंबडीसारखी लुळी पडते." तिघं इतकी घाबरली की ओढ्याच्या त्या बाजूने पाणी प्यायलाही तयार नाहीत.

जेलियाला सगळ्याच गोष्टींचं मूळ हवं असतं. परवा उंगाम खेळायला पळत होती, तिच्या आईने हाक मारली, "अगं भाताला शिवून जा, पुनी लागेल!" उंगामने शितं बोटाला लावून ओठांवर टेकवली आणि पळाली. जेलिया मला विचारते, पुनी म्हणजे काय? सिबूत तू तिला एवढंही सांगितलं नाहीस? मी सांगितलं की समोर आलेलं किंवा मनात भरलेलं अन्न तसंच टाकून प्रवासाला निघालं तर वाटेत घात होतो. आकी न्याला नावाचा म्हातारा तसाच गेला. बायकोने वाढलेला भात "आलोच" म्हणून ठेवला आणि होडीत बसला. मगरीने त्याचा एक जोडासुद्धा परत दिला नाही. वेळ नसेल तर निदान बोट लावायचं, एवढं झालं तरी बला टळते. तेव्हापासून तुझी लेक करपलेल्या खरवडीलाही शिवल्याशिवाय दाराबाहेर पडत नाही. शाळेत जाताना माझ्याही तोंडाला काहीतरी लावून जाते, का तर "इबू, तूही कुठेतरी जाशीलच ना."

अभ्यास उत्तम आहे. वाचते तर अशी की ऐकत राहावं.

पुढे चालण्याचं म्हणशील तर, पोरं मागे राहिली की गप्पा मारत बसतात. म्हणून.

पुडीत वाळवलेले बांबूचे कोंब आहेत.

सुबांग

नांगा एन्सुराई
९ जून १९८७

सेंदी,

आधीच सांगते, जेलिया आता बरी आहे. भात खाते आहे, बुंसूशी भांडते आहे.

तू सणाची रात्र काढून सकाळी गेलीस आणि त्याच दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या. चक्कर येत होती, डोकं वर धरवत नव्हतं. मुखियाच्या होडीतून खालच्या दवाखान्यात नेली. तिथे दोन रात्री ठेवून घेतलं, बाटली लावली. मी तिच्या उशाशी होते. तिसऱ्या दिवशी उठून म्हणाली, "इबू, इंदाई सिबूला पोचली असेल ना?" मी म्हटलं, पोचली असेल तुझी आई. मग झोपली.

दवाखान्यातल्या माणसाने विचारलं, काय खाल्लं? सणाच्या सकाळी मिदिनची भाजी केली होती. आदल्या दिवशी पोरांनी आणलेले शेंडे होते, मी निवडले. त्यात एखादं नको ते पान आलं असणार. दुसरं काही मला सुचत नाही. भाजी सगळ्यांनी खाल्ली, तिच्याच वाट्याला ते आलं. चूक माझी आहे. तुला कळवायला उशीर केला, कारण ती हसायला लागेपर्यंत हात उचलत नव्हता.

गाडोंग तुला मिळाला नाहीच. सणाच्या आधी पाऊस आला, ओढा गढूळ झाला, टोपली दोन दिवस बाहेर काढून ठेवावी लागली. नाहीतर वेळेवर झाला असता.

सुबांग

सिबू
१५ जून १९८७

आका,

पत्र चार वेळा वाचलं. नको ते पान! तुझ्या हातून! सात वर्षांची असताना तू आजीच्या टोपलीतून चुकीचा कोंब काढून दाखवला होतास, ती गोष्ट अजून अख्खी नदी सांगते. तेच हात आता न बघता निवडतात? गप्पांत होतीस? की आपल्याला सगळं कळतं या घमेंडीत होतीस?

माझी पोर दोन रात्री बाटलीवर होती आणि मी इथे पाव भाजत होते. मला दोन आठवड्यांनी कळतं. मेली असती तर किती दिवसांनी कळवलं असतंस?

मी पहिल्यापासून सांगत होते, तिला रानात पुढे घालू नकोस. पालथ्या घड्यावर पाणी. तुला पोर नाही म्हणून तुला कळत नाही, असं मी आजवर कधी म्हटलं नव्हतं. आज म्हणते.

रानात जाणं आजपासून बंद. पुढच्या शनिवारच्या लाँचने तिला सिबूला पाठव. खोली लहान असली तरी माझी आहे.

सेंदी

नांगा एन्सुराई
२४ जून १९८७

सेंदी,

तुझं पत्र आलं आणि जीव भांड्यात पडला. मला वाटलं होतं चांगली खरडपट्टी काढशील, तेवढा तुझा हक्कच होता. पण तू इतकी समजूतदार कधीपासून झालीस? "चूक कुणाच्याही हातून होते, आका, तू मनाला लावून घेऊ नकोस," हे वाक्य तर मी पुन्हा वाचून घेतलं. रात्री डोळ्यांना पाणी आलं माझ्या.

तू म्हणतेस तशी जेलियाला वर्षअखेरपर्यंत इथेच ठेवते. तिलाही तेच हवं आहे. कालपासून पुन्हा जायला लागलो. जवळपासच, आणि आता निवडताना प्रत्येक शेंडा तिघांना दाखवते. चौघांच्या तपासणीतून गेला तरच टोपलीत.

तुझ्या मालकाला सांग, एवढ्या चांगल्या मनाच्या बाईला वर्षातून दोन रात्री सोडायला हरकत नाही.

सुबांग

सिबू
३० जून १९८७

सुबांग,

माझ्या जिवाशी खेळून वर माझी चेष्टा करतेस? मी न लिहिलेली वाक्यं माझ्या तोंडी घालतेस? मी म्हटलं रानात नेऊ नकोस, तू लिहितेस कालपासून पुन्हा जातो. मी म्हटलं शनिवारी पाठव. शनिवार गेला. मी धक्क्यावर उभी राहून शेवटचा माणूस उतरेपर्यंत बघत होते.

अकरा जुलैला जेलियाच्या बापाचा चुलत भाऊ कपितहून येतोय. तो तिला घेऊन येईल. तिची शाळेची वह्या-पुस्तकं तेवढी बांध. टोपली तुझ्याकडेच राहू दे.

यापुढे मला पुड्या पाठवू नकोस.

सेंदी

नांगा एन्सुराई
८ जुलै १९८७

सेंदी,

हे पत्र पुन्हा उतारावरून घसरणार. मान वाकडी करून वाच, एवढं माझ्यासाठी कर.

तुझं तीस तारखेचं पत्र मला बाजारात तौकेच्या दुकानात मिळालं. मी मिदिनच्या जुड्या विकायला गेले होते. जेलिया शाळेत होती. मी तौकेला म्हटलं, जरा वाचून दाखव. त्याचा आवाज तुला माहीत आहे, मिठाची पोती मोजतानाच्या आवाजात वाचायला लागला. दुकानात आठ-दहा माणसं. उंगामची आईही होती. "माझ्या जिवाशी खेळून" इथपर्यंत आला आणि थांबला. मी म्हटलं, वाच. त्याने सगळं वाचलं, कागदाची घडी केली, मला स्टूल दिलं आणि आतून चहा आणायला सांगितलं. जुड्यांचे पैसे देताना दोन जास्तच दिले. मेल्याला वाटलं माझं कोणीतरी गेलं.

आता ऐक. मला दिसत नाही.

दोन पावसाळे झाले. आधी वाटलं चुलीचा धूर आहे. आता माणूस आला एवढं कळतं, कोण ते बोलल्यावर. पानाचा आकार बोटांना कळतो, रंग कळत नाही. मी कुणाला सांगितलं नाही. रानात जायचं बंद केलं असतं तर या घरात मी कशासाठी आहे? शेत दुसऱ्यांच्या हाती गेलं, विणकामातले रंग गेले. एक रान उरलं होतं. म्हणून पोरांना पुढे घालत होते. लोकांना सांगत होते, मी त्यांना शिकवते. शिकवत होतेच, खोटं नाही. पण वाट पोरं दाखवत होती. जेलियाला पहिल्याच महिन्यात कळलं. "इबू, इथे मूळ आलंय, पाय उचल," एवढंच म्हणायची.

तुझी पत्रं तीच वाचून दाखवते. माझ्या ओळी सरळ आल्या होत्या ना, ती कागदावर बांबूची पट्टी धरायची आणि मी तिच्या कडेने लिहायचे. तुझं पंधरा तारखेचं पत्र तिने मला वाचून दाखवलं ते असं, की "चूक कुणाच्याही हातून होते, आका." तू काय लिहिलं होतंस ते मला माहीत नाही. परवा तिला विचारलं, तर म्हणाली, "मी जरा मऊ करून वाचलं, इबू." तिला मारू नकोस. मीही रागावले नाही.

म्हणजे ते पान माझ्याच आंधळ्या बोटांमधून गेलं. तू बरोबर आहेस. घमेंडच होती.

उंगामच्या आईने दुकानातून येऊन पोरांना माझ्याबरोबर यायला बंदी केली. तिचंही बरोबर आहे. जेलियाला तुझ्या दिराबरोबर पाठवते. मी आता रानात जाणार नाही. टोपली चुलीवर टांगून ठेवली आहे, तिची तिने विणलेली. हवी असेल तर सांग.

सुबांग

सिबू
२६ जुलै १९८७

आका,

तौके, हे तुम्ही वाचत असाल तर आवाज कमी करा. आणि दुकानात कोणी असेल तर त्याला आधी बाहेर काढा. पुढचं माझ्या बहिणीसाठी आहे.

जेलिया पोचली. आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही. विचारलं तेवढ्याला हो, नाही. रागावलीय म्हणून असेल असं वाटलं. गेल्या मंगळवारी मला कामाला उशीर झाला. चहा ओतून ठेवला होता, तो तसाच टाकून मी चपला घातल्या. तर ही दार अडवून उभी. "शिवून जा." मी म्हटलं, बाजूला हो, मालक ओरडेल. तिने माझा हातच धरला. "शिवून जा, शिवून जा, मला आता पुन्हा खाता येणार नाही!" असं म्हणून रडायलाच लागली. मी चपला काढल्या आणि खाली बसले.

मग एकेक बाहेर आलं. सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी होडीत चढता चढता तुला विचारलं होतं, आठवतं? "गाडोंग झाला का गं?" तू म्हणालीस, "अजून दोन दिवस पाण्यात हवा." मी म्हटलं, "मन अडकलंय बघ त्यात, पण होडी थांबायची नाही." आणि बसले. हसत हसत बोलले होते मी. ती शेजारी उभी होती. तिने ऐकलं की इंदाईचं मन गाडोंगमध्ये अडकलंय आणि इंदाई त्याला न शिवता नदीत निघाली. ती ओढ्याकडे पळाली. टोपली उघडली आणि माझ्या नावाने एक काप खाल्ला.

तुझ्या भाजीत नको ते पान नव्हतं, आका. तू शेंडे नीट निवडले होतेस. तुझी बोटं चुकली नाहीत.

मी तिला विचारलं, "अगं, तुला माहीत होतं ना तो विषारी आहे?" म्हणाली, माहीत होतं. "मग नुसतं बोट लावायचं होतंस. इबूने सांगितलं होतं ना, बोट लावलं तरी पुरतं?" त्यावर म्हणाली, "बोट जवळ जाणाऱ्याला पुरतं. तू लांब जाणार होतीस."

मी त्या दिवशी कामाला गेले नाही.

इतके दिवस गप्प का राहिलीस म्हटलं, इबूवर आळ आला तरी? तर म्हणे, इंदाई परत सुखरूप भेटेपर्यंत सांगायचं नव्हतं, सांगितलं असतं तर खाल्ल्याचा गुण उतरला असता. इकडे आल्यावर मग कसं सांगायचं ते कळेना. तू स्वतःवर घेतलेला सगळा ठपका तिने तुझ्याजवळ बसून, पट्टी धरून लिहू दिला, ते तिला फार लागलंय. म्हणून माझं पत्र मऊ करून वाचलं.

तुला पोर नाही म्हणून कळत नाही, असं मी त्या पत्रात लिहिलं होतं. तिने ते तुला वाचून दाखवलं नाही. मी आता स्वतः सांगते, कारण ते जुनं पत्र तौकेच्या तोंडून ऐकण्यापेक्षा मी कबूल केलेलं बरं. मला माफ कर. कळत नव्हतं ते मला. मी दर वेळी येते ती निघायच्या घाईत, आणि पोरीच्या पोटात काय चाललंय हे मला कधी दिसलं नाही. माझे डोळे तर चांगले आहेत.

आणखी एक. तुझ्या पुड्या. अळंबी छान होती असं लिहिलं होतं. मी खाल्ली नव्हती. वाटेत मुंग्या लागल्या होत्या, कोंबांना बुरशी आली होती. बेकरीच्या मागे टाकून दिल्या मी. एकदाही बोट लावलं नाही.

जेलियाने तुझ्या डोळ्यांचं इथल्या दवाखान्यातल्या बाईंना जाऊन सांगितलं. एकटी गेली, मला न विचारता. तू चंद्राभोवती कडं दिसतं म्हणतेस, बाहुली दुधासारखी दिसते, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, पडदा असेल तर काढता येतो, पण माणूस बघायला हवा. मी जबरदस्ती करणार नाही. तुझे डोळे आहेत.

मालकाकडून सात दिवस मागून घेतलेत. एक दिवस नाही, सात. पंधरा ऑगस्टला आम्ही दोघी येतो. आधी खणून ठेवू नकोस. तुझ्याबरोबर खणीन, काप करीन, रोज तुडवीन. पाच दिवस पुरे झाले की खाईन आणि मगच होडीत बसेन. वाट जेलिया दाखवेल, तुला दिसत नाही आणि मला आठवत नाही. उंगामच्या आईशीही मीच बोलते.

तुझी,
सेंदी

नांगा एन्सुराई
५ ऑगस्ट १९८७

सेंदी,

तौकेने या वेळी गिऱ्हाइकांना खरंच बाहेर काढलं आणि दार लावून कानाशी येऊन वाचलं. मध्ये एकदा त्याने नाक शिंकरलं. "बोट जवळ जाणाऱ्याला पुरतं" तिथे. मग म्हणाला, धूळ फार आहे दुकानात.

मी रडले. लपवत नाही. आणि माझ्यावरचा आळ गेला म्हणून नाही.

पोर आजारी होती तेव्हा सारखी लाळ गिळत होती. गाडोंगने तोंड भाजतं, ओठ सुजतात. ते मला दिसले असते तर तेव्हाच कळलं असतं आणि तुला खरं लिहिलं असतं. तेवढी चूक माझी आहेच, ती राहू दे माझ्याकडे. दुसरी मोठी आहे. मी तिला सांगितलं गाडोंग मारतो. मी तिला सांगितलं पुनी मारते. दोन्ही भीती माझ्याच. दोन्ही समोरासमोर आल्या तर कुठली धरायची, हे मी सांगितलं नाही. माझ्या इंदाईनेही मला सांगितलं नव्हतं, आणि माझ्यावर तशी वेळ आली नाही. तिच्यावर आली. एकटीने ओढ्याकाठी बसून ठरवलं तिने. तू आल्यावर तिला मांडीवर घेऊन सांगीन, की माणूस आधी. कुणाच्याही नावाने विष खायचं नाही, आईच्यासुद्धा. इतके दिवस वाटलं होतं मी तिला रान शिकवलंय. एवढं राहूनच गेलं.

काल पहिल्यांदा ओढ्यापर्यंत एकटी गेले. पायांना वाट माहीत आहे. सणाची ती टोपली अजून दगडाला बांधलेली होती, आतलं सगळं कुजून गेलेलं. धुऊन आणली. नवीन गाडोंगला तीच वापरू. तीन पानांचा एक मोठा वेल फणसाच्या मागे आहे, असं बुंसूने खिडकीखालून ओरडून सांगितलं. आईची बंदी आहे, पण ओरडायला बंदी नाही म्हणतो.

डोळ्यांचं. येते मी सिबूला. तुमच्याबरोबरच येईन, परतीच्या लाँचने. भीती वाटते मला, ते लिहून ठेवते. पण जेलियाने दवाखान्यात जाऊन माझ्यासाठी शब्द टाकला, तो वाया घालवायचा नाही. निघायच्या आधी आपण तिघी खाऊ. कुणाच्या नावाचं कुणी नाही, आपापल्या वाट्याचं.

पुड्या पाठवू नकोस म्हणाली होतीस तरी ही एक पाठवते. मिदिनचे शेंडे नाहीत, अळंबी नाही, मुंग्या लागतील असं काही नाही. आपल्या चुलीवर भाजलेला मूठभर तांदूळ आहे, मीठ लावून. मी स्वतः निवडला, बोटांनी, एकेक दाणा.

पंधरा तारखेला घरातून पाय बाहेर टाकायच्या आधी पुडी उघड. जेलियाला निम्मा दे. नुसतं बोट लावलंस तरी पुरतं. पण तू लांबून येणार आहेस. खाऊनच नीघ.

तुझी आका,
सुबांग